पानपिंपरीचा उतारा : मसाल्यांतील औषधी घटकांचे निष्कर्षण आणि शुद्धीकरण

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातील अकोट, तेल्हारा या सातपुड्याच्या पायथ्याकडील पट्ट्यात पानपिंपरी हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. पानपिंपरी म्हणजे आयुर्वेदातील पिप्पली, बाजारातील लेंडी पिंपळी. विड्याच्या पानांचा नागवेल आणि काळी मिरी ही तिची जवळची भावंडे. तिन्ही वनस्पती पायपर या एकाच प्रजातीत मोडतात. मुळाशी ओलावा टिकवणे, ऊन अडवणे, वेलाला आधार देणे ही बारी समाजातील शेतकऱ्यांनी पानमळ्यांत कमावलेली कसबे या पिकालाही लागतात. म्हणून पानमळ्यांच्या गावांतच पानपिंपरीही रुजली. वेलाला येणारी बोटाच्या पेराएवढी कणसे पूर्ण भरल्यावर, पण पिकून मऊ पडण्याआधी तोडतात आणि उन्हात वाळवतात. वाळली की ती काळपट, कडक आणि झणझणीत होतात. हा तिखटपणा मुख्यतः ज्या एका द्रव्यामुळे येतो त्याचे नाव पायपरीन.

वऱ्हाडात कापसाची पारख उताऱ्यावर होते. शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये घातला की तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते, उरते ती मुख्यतः सरकी. दोन ढिगांचे वजन सारखे असले तरी ज्याचा उतारा अधिक तो कापूस गिरणीला सरस. मसाल्यांनाही असाच उतारा असतो. फरक इतकाच की तो डोळ्यांना दिसत नाही. शंभर किलो हळदीत कुरकुमीन दोन किलो आहे की सहा किलो, हे रंगावरून नेमके सांगता येत नाही. मसाल्यातून औषधी घटक वेगळे काढणे आणि शुद्ध करणे हे मुळात हा न दिसणारा उतारा मोजण्याचे आणि हाती आणण्याचे शास्त्र आहे.

या शास्त्रात काही शब्द वारंवार येतात. वनस्पतीतील हवा तो घटक योग्य द्रावकात विरघळवून बाहेर काढण्याच्या क्रियेला निष्कर्षण म्हणतात. द्रावक उडवून लावल्यावर जे दाट द्रव्य उरते तो अर्क. मसाल्याचा सुगंधी तेलांश आणि न उडणारा राळेसारखा अंश दोन्ही ज्यात असतात, त्या दाट अर्काला ओलिओरेझिन हे नाव रूढ आहे. अर्कातील नको ते काढून एकाच घटकाचे प्रमाण वाढवत नेणे म्हणजे शुद्धीकरण. एखाद्या घटकाचे प्रमाण ठरावीक टक्केवारीला आणून त्याची हमी दिली की तो प्रमाणित अर्क होतो. आरोग्यपूरकांच्या गोळ्या आणि कॅप्सूल या प्रमाणित अर्कांपासून बनतात.

तिखट, कडू, रंगीत वा सुवासिक द्रव्ये वनस्पती माणसासाठी तयार करत नाही. कीड, बुरशी आणि चरणारी जनावरे यांपासून बचाव, परागीभवनासाठी कीटकांना आमंत्रण, उन्हाच्या माऱ्यापासून संरक्षण अशी कामे ही द्रव्ये करतात. वाढीसाठी लागणारी साखर, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांच्या मानाने ती फार थोडी असतात. हळदीच्या वाळलेल्या हळकुंडात कुरकुमिनॉइड गटातील पिवळी द्रव्ये साधारण २ ते ६ टक्के आणि उडनशील तेल ३ ते ५ टक्के असते. बाकी बहुतांश भाग पिठूळ असतो. काळ्या मिरीत पायपरीन ५ ते ९ टक्क्यांपर्यंत जाते, पिंपळीत ते याहून कमी भरते. मिरचीतील कॅप्सेसिन गटाचे प्रमाण बहुतेक जातींत १ टक्क्याच्याही खाली असते, आणि तेही मुख्यतः बिया जिथे चिकटतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. सुंठेत जिंजेरॉल आणि शोगाओल, ओव्यात थायमॉल, धण्यात लिनालूल, मेथीत सॅपोनिने अशी प्रत्येक मसाल्याची आपापली ओळख आहे. घटक थोडा आणि बाकी पसारा मोठा, ही या कामातील मूळ अडचण आहे.

भारतीय औषधविद्येने ही अडचण फार पूर्वीच ओळखली होती. काढा म्हणजे पाण्यातील निष्कर्षण. आसव आणि अरिष्टांत आंबवण्यातून तयार होणारे मद्य द्रावकाचे काम करते; पाण्यात न उतरणारे काही घटक त्यात उतरतात. औषधी तूप आणि तेल यांचे पाक हे स्निग्ध द्रव्यातील निष्कर्षण होय. सत्त्व काढण्याच्या कृतीत कुटलेली वनस्पती पाण्यात कोळून तळाशी बसलेला साका वेगळा करतात. चौसष्ट प्रहरी पिंपळी हे महाराष्ट्रातील वैद्यांच्या नित्य वापरातले औषध तर पिंपळी सलग ६४ प्रहर, म्हणजे आठ दिवस-रात्री, खलून बनते. त्यात काहीही वेगळे काढले जात नाही, पण कण अतिशय बारीक होतो आणि कण जितका बारीक तितका आतील घटक लवकर बाहेर पडतो. आजच्या कारखान्यातही दळणाची जाडी ठरवताना हेच तत्त्व लागू होते.

घराघरांत माहीत असलेले ओव्याचे फूल तर शुद्धीकरणाचा नमुनाच आहे. ओवा वाफेवर ऊर्ध्वपातित केला की तेल मिळते. त्यातील थायमॉल आम्लधर्मी असल्याने कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात विरघळते, तेलाचे इतर भाग वर तरंगत राहतात. खालचे पाणी वेगळे करून त्यात आम्ल घातले की थायमॉल पुन्हा मोकळे होते आणि थंड झाल्यावर त्याचे पांढरे स्फटिक जमतात. विरघळवणे, वेगळे करणे आणि स्फटिक जमवणे या तीन पायऱ्या पुढे प्रत्येक मसाल्याच्या बाबतीत रूप बदलून येतात.

या द्रव्यांना स्वतंत्र नावे मिळाली ती एकोणिसाव्या शतकात. १८१५ मध्ये फोगेल आणि पेल्तिए यांनी हळदीतील पिवळे रंगद्रव्य वेगळे केले आणि त्याला कुरकुमीन हे नाव मिळाले. ‘कुरकुमा’ हे हळदीचे वनस्पतिशास्त्रीय प्रजातिनाम आहे. विद्युतचुंबकत्वाच्या शोधासाठी प्रसिद्ध असलेले डॅनिश शास्त्रज्ञ हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांनी १८१९ मध्ये मिरीतून पायपरीन वेगळे काढले. मिरचीतील तिखट द्रव्य १८७६ मध्ये जॉन थ्रेश यांनी स्फटिकरूपात मिळवून त्याला कॅप्सेसिन म्हटले. कुरकुमीनची रेणुरचना स्पष्ट व्हायला मात्र १९१० साल उजाडले. नाव आणि रचना कळल्यावर मोजमाप शक्य झाले, आणि मोजमापामुळे मसाला औषधशास्त्राच्या तराजूत आला.

आज बाजारात ज्याला कुरकुमीन म्हणतात ते प्रत्यक्षात तीन जवळच्या द्रव्यांचे मिश्रण असते. त्यात खुद्द कुरकुमीन साधारण तीन-चतुर्थांशाहून अधिक, डिमेथॉक्सीकुरकुमीन सहाव्या हिश्श्याच्या आसपास आणि बिसडिमेथॉक्सीकुरकुमीन अगदी थोडे, असा वाटा असतो. ९५ टक्के कुरकुमिनॉइड असे वेष्टनावर लिहिलेले असते तेव्हा ती तिघांची बेरीज असते.

कच्च्या मालाच्या दृष्टीने वऱ्हाड आणि त्याचा शेजार समृद्ध आहे. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ जिल्ह्यांत हळद होते. लगतच्या हिंगोली आणि नांदेड जिल्ह्यांत तिचे क्षेत्र मोठे आहे. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्याच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची ख्याती ६ टक्क्यांच्या वर जाणाऱ्या कुरकुमीनसाठी आहे. नागपूर जिल्ह्यातील भिवापूर मिरचीलाही त्याच वर्षी मानांकन मिळाले, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. तेथील नागार्जुन औषधी वनस्पती उद्यानात या वर्गातील वनस्पतींचे जतन आणि अभ्यास होतो. तेल, घनपदार्थ आणि द्रावक यांच्या अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ पासून कार्यरत आहे. माल आणि ज्ञान दोन्ही जवळ आहे. मधला दुवा प्रक्रियेचा.

निष्कर्षणाची पहिली पायरी कारखान्यात नव्हे, खळ्यावर पडते. हळद काढल्यावर गड्डे आणि हळकुंडे वेगळी करून शिजवतात. पूर्वी कढईत, आता बहुधा वाफेच्या बॉयलरवर. शिजवल्याने पिष्ट घट्ट होते, वाळण्याचा वेळ कमी होतो आणि रंग सर्वत्र सारखा पसरतो. जास्त शिजली तर हळकुंड गळते, कमी शिजली तर वाळताना तडकते. चार ते पाच क्विंटल ओल्या हळदीतून साधारण एक क्विंटल वाळलेली हळद मिळते. पानपिंपरीत घट याहून मोठी आहे. दहा किलो हिरव्या कणसांतून वाळून जेमतेम दीड किलो माल हाती येतो. वाळवण अपुरी राहिली, माल ओलसर जमिनीवर पसरला किंवा रात्री दवात भिजला तर बुरशी धरते, आणि काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात. हे विष पुढे अर्कातही उतरू शकते. फवारणीच्या औषधांचे अवशेषही असेच पुढे जातात, कारण त्यांतील पुष्कळशी औषधे पाण्यापेक्षा सेंद्रिय द्रावकांत सहज विरघळतात. मालातील कुरकुमीन जसे अर्कात दाट होते तसेच हे अवशेषही होतात. खळ्यावरची ताडपत्री किंवा सिमेंटचा ओटा, वाळवणीची जाळी आणि कोरडे गोदाम ही म्हणूनच शुद्धीकरणाची पहिली साधने आहेत.

कारखान्यात आलेला माल निवडून, दगड-धूळ आणि लोखंडाचे कण काढून भरड दळला जातो. अगदी पीठ केले तर द्रावक त्यातून झिरपत नाही, थर घट्ट बसतो. फार जाड ठेवले तर द्रावक आतपर्यंत पोचत नाही. त्यानंतर प्रश्न द्रावकाच्या निवडीचा. कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पायपरीनही एका लिटर पाण्यात सुमारे ४० मिलिग्रॅमच उतरते, मात्र मद्यार्कात सहज विरघळते. म्हणून हळदीसाठी ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट किंवा इथेनॉल वापरतात. निव्वळ तेल काढायचे असेल तर हेक्झेन चालते, पण कुरकुमीन त्यात फारसे उतरत नाही. द्रावक निवडताना तो घटक किती विरघळवतो एवढेच पाहून भागत नाही. नको असलेले किती सोबत आणतो, किती तापमानाला उडतो, खाण्याच्या पदार्थासाठी मान्य आहे का आणि पुन्हा वापरता येतो का, हेही पाहावे लागते. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला, हेक्झेन ६९ च्या आसपास आणि इथेनॉल ७८ अंशांना उकळते. उकळबिंदू कमी असेल तर घटकाला उष्णता कमी लागते, पण हवेत उडून जाणारा द्रावक आणि आगीचा धोका वाढतो.

वऱ्हाडातल्या सोयाबीनच्या तेलामुळे हेक्झेनने तेल काढण्याची पद्धत परिचयाची आहे. मसाल्याची पद्धत तत्त्वतः तीच. भरडलेला माल उभ्या टाक्यांत भरतात, वरून द्रावक सोडतात आणि खाली झिरपलेले रंगीत द्रावण गोळा करतात. अनेक टाक्या ओळीने जोडल्या तर ताजा द्रावक सर्वांत आधी जवळजवळ रिकाम्या झालेल्या मालावर आणि शेवटी ताज्या मालावर जातो. या उलट्या प्रवाहामुळे कमी द्रावकात अधिक घटक निघतो. जमलेले द्रावण निर्वात पात्रात मंद उष्णतेवर आटवतात. उडालेला द्रावक थंड करून परत टाकीत घेतात. तळाशी उरते ते हळदीचे ओलिओरेझिन: दाट, गडद केशरी, तीव्र वासाचे. खाद्य उद्योगात रंग-स्वादासाठी ते याच रूपात वापरतात. भारतात या उद्योगाचे मोठे केंद्र केरळमधील कोची परिसर आहे, आणि म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या प्रक्रियांच्या विकासात मोठा हातभार लावला आहे.

द्रावकाचा अवशेषच नको असेल तर कार्बन डायऑक्साइडचा मार्ग आहे. ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि सुमारे ७३ वातावरणांहून अधिक दाबाखाली हा वायू द्रव आणि वायू यांच्या मधल्या अवस्थेत जातो; वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. दाब सोडला की तो निघून जातो आणि मागे स्वच्छ अर्क राहतो. सुंठ, मिरी, ओवा यांच्या सुगंधी तेलांसाठी ही पद्धत उत्तम. कुरकुमीनसाठी मात्र त्यात थोडे इथेनॉल मिसळावे लागते. उच्च दाबाची पात्रे महाग असल्याने ही पद्धत किमती मालालाच परवडते.

ओलिओरेझिनपासून शुद्ध कुरकुमीनपर्यंतचा टप्पा स्फटिकीकरणाचा आहे. तेलकट अर्कात योग्य द्रावक मिसळून मिश्रण थंड करत ठेवले की कुरकुमिनॉइड बाहेर पडून जमू लागतात आणि तेल-राळ द्रवात राहते. घाई केली तर बारीक स्फटिकांत राळ अडकते. सावकाश थंड केले तर मोठे, स्वच्छ दाणे जमतात. ते गाळून किंवा फिरत्या यंत्रात पिळून वेगळे करतात, थंड द्रावकाने धुतात आणि निर्वात पात्रात वाळवतात. उरलेल्या द्रवातही हळदीचे सुगंधी तेल आणि थोडे कुरकुमीन असते, त्याला वेगळे गिऱ्हाईक आहे. प्रकाशात आणि विशेषतः अल्कधर्मी द्रवात कुरकुमीन टिकत नाही. प्रयोगशाळेत शरीराच्या तापमानाला, किंचित अल्कधर्मी द्रावणात ठेवले असता त्यातील सुमारे ९० टक्के अर्ध्या तासात मोडते. त्यामुळे धुण्याचे पाणी, पात्राची स्वच्छता आणि साठवणीची पिंपे यांकडेही तेवढेच लक्ष द्यावे लागते.

उताऱ्याचा हिशेब येथे डोळ्यांसमोर येतो. समजा १,००० किलो वाळलेल्या हळदीत ५ टक्के कुरकुमिनॉइड आहेत. म्हणजे आत ५० किलो माल आहे. प्रक्रियेत त्यातील ८५ टक्के हाती लागले तर ४२.५ किलो मिळतात आणि ९५ टक्के शुद्धतेची भुकटी सुमारे ४४.७ किलो भरते. तीच हळद ३ टक्क्यांची असेल तर त्याच कष्टात, तेवढ्याच द्रावकात आणि तेवढ्याच वाफेत भुकटी २६.८ किलोच निघते. कारखान्याच्या दृष्टीने या दोन हळदींची किंमत एक असू शकत नाही, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनेही असू नये.

पायपरीनचे शुद्धीकरण महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही करून पाहता येते. मिरी किंवा पिंपळीची पूड इथेनॉलमध्ये उकळून गाळतात आणि द्रावण आटवतात. त्यात मद्यार्कात विरघळवलेला पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातला की राळेतील आम्लधर्मी घटक साबणासारखे बांधले जाऊन बाजूला होतात. निवळ द्रावणात थोडे पाणी घालून ते रात्रभर ठेवले की फिक्कट पिवळ्या सुया जमतात. पुन्हा एकदा योग्य द्रावकात विरघळवून जमवल्या की त्या अधिक शुद्ध होतात. शुद्ध पायपरीन १३० अंशांच्या आसपास वितळते. वितळबिंदू खाली आला किंवा लांबत गेला तर अशुद्धी आहे असे समजावे. पानपिंपरीत पायपरीन मिरीपेक्षा कमी असल्याने निव्वळ उताऱ्यात मिरी तिला मागे टाकते. पिंपळीची खरी मागणी तिच्या संपूर्ण फळाला आणि पिंपळमुळाला आहे, हे वऱ्हाडातील उत्पादकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रत्येक पिकाचे अर्कात रूपांतर करणे हा नफ्याचा मार्ग असेलच असे नाही.

मिरचीत दोन उतारे एकाच वेळी असतात: लाल रंग आणि तिखटपणा. द्रावकात दोन्ही एकत्र निघतात आणि नंतर त्यांच्या विरघळण्यातील फरकाचा फायदा घेऊन वेगळे केले जातात. रंग अन्नउद्योगाकडे जातो, कॅप्सेसिन वेदनाशामक मलमांकडे. तिखटपणा मोजण्याची पद्धत विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये जिभेच्या आधारे बसवली. आज यंत्र तेच काम अचूक करते.

ते यंत्र म्हणजे उच्च क्षमता द्रव वर्णलेखन, अर्थात एचपीएलसी. अर्काचा एक थेंब दाबाखाली बारीक कणांनी भरलेल्या नळीतून ढकलला जातो, प्रत्येक घटक आपल्या वेगाने बाहेर पडतो आणि प्रकाशशोषणावरून त्याचे प्रमाण ठरते. कुरकुमीन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास, पायपरीन ३४३ च्या जवळपास प्रकाश शोषते. साधा वर्णपटमापक स्वस्त आणि जलद आहे. मात्र त्या लहरीवर प्रकाश शोषणारे दुसरे द्रव्य मिसळले असेल तर तो फसतो. ही फसवणूक होते. हळदीला चमक यावी म्हणून लेड क्रोमेट हा शिसेयुक्त रंग किंवा मेटॅनिल यलो मिसळल्याची प्रकरणे वारंवार पुढे आली आहेत. तिखटात सुदान रंग सापडतात. स्वस्त कृत्रिम कुरकुमीन नैसर्गिक म्हणून विकले जाते. ते ओळखण्यासाठी किरणोत्सारी कार्बन-१४ चे प्रमाण तपासतात. खनिज तेलापासून बनलेल्या द्रव्यात तो जवळजवळ नसतो, शेतात वाढलेल्या हळदीत असतो. याशिवाय जड धातू, सूक्ष्मजीव, कीटकनाशके आणि उरलेला द्रावक यांच्या चाचण्या प्रत्येक लॉटला लागतात. वायू वर्णलेखनाने द्रावकाचा दशलक्षांश भागापर्यंत माग काढता येतो.

शुद्ध द्रव्य मिळाले तरी ते शरीरात पोचेलच असे नाही. तोंडाने घेतलेले कुरकुमीन आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते ते यकृत झटपट रूपांतरित करून बाहेर टाकते. या ठिकाणी पिंपळीची भेट हळदीशी होते. त्रिकटूत, म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी यांच्या चूर्णात, आयुर्वेदाने पिंपळीला इतर औषधांची सोबतीण म्हणून स्थान दिले होते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सी. के. अटल यांनी १९७९ मध्ये त्रिकटू आणि पिंपळीमुळे इतर औषधांची शरीरातील उपलब्धता वाढते, या विचाराला आधुनिक औषधशास्त्राची भाषा दिली. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कुरकुमीनसोबत २० मिलिग्रॅम पायपरीन दिले आणि रक्तातील कुरकुमीनची उपलब्धता वीसपट झाल्याचे नोंदवले. याच धाग्यावर पुढे क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिनचा डोस ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारे, १० मिलिग्रॅम पायपरीनयुक्त संयुक्त औषध भारतात २००९ मध्ये आले. हळद-मिरीच्या कॅप्सूलमागील शास्त्र ते हेच.

पण हेच शास्त्र सावधगिरीही शिकवते. पायपरीन यकृतातील औषधे मोडणारी विकरे आणि आतड्यातील औषधे बाहेर ढकलणारी प्रथिने यांचे काम मंदावते. म्हणजे ते केवळ कुरकुमीनची पातळी वाढवत नाही. रक्त पातळ करणाऱ्या किंवा अपस्मारावरील औषधांसारख्या, मात्रेबाबत नाजूक असलेल्या औषधांची पातळीही वाढवू शकते. वीसपट हा आकडाही मुळात अत्यल्प पातळीवर लागू होतो, हे विसरता येत नाही. स्वयंपाकात चिमूटभर हळद आणि कॅप्सूलमधील ५०० मिलिग्रॅम शुद्ध अर्क या वेगळ्या गोष्टी आहेत. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रंगद्रव्य म्हणून कुरकुमीनची मान्य दैनिक मात्रा शरीराच्या दर किलोला ३ मिलिग्रॅमपर्यंत ठरवली आहे; ६० किलोच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम होते. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरकांशी संबंधित यकृतदाहाचे रुग्ण आढळल्यावर तेथील आरोग्य मंत्रालयाने वेष्टनावर इशारा छापणे आवश्यक केले. कुरकुमीन अनेक प्रयोगशाळा-चाचण्यांत खोटे यश दाखवते, हेही २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांनी सविस्तर मांडले आहे. परंपरा आणि प्रयोगशाळा यांपैकी कोणत्याही एकीच्या आधारावर रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. तो रुग्णांवरील काटेकोर चाचण्यांतूनच सिद्ध होतो.

कायदाही हीच सीमा आखतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील आरोग्यपूरके आणि न्यूट्रास्युटिकल यांच्यासाठीचे नियम २०१६ चे आहेत. त्यानुसार पूरक आहारावर रोग बरा होण्याचा दावा करता येत नाही आणि ते औषध नाही असे वेष्टनावर सांगावे लागते. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचे तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खालील परवाना लागतो. एकाच अर्काला वाट कोणती निवडली यावरून नियम बदलतात. कारखान्यासाठी आणखी एक बाजू आहे. हेक्झेनसारख्या पेट्रोलियमजन्य द्रावकाच्या साठ्याचे नियमन नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते, इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. घरगुती शेडमध्ये ॲसिटोन उकळण्याचा विचार त्यामुळे कुणीही करू नये.

ज्ञानाच्या मालकीचा प्रश्नही या विषयाशी जोडलेला आहे. जखमेवर हळद लावण्याच्या वापरावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून मांडून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. हा वापर लिहून ठेवलेला होता, म्हणूनच तो परिषदेला सिद्ध करता आला. पानमळ्यातील शेतकऱ्याचे पिंपरी ओळखण्याचे, तोडण्याचे आणि वाळवण्याचे ज्ञान बहुतांश तोंडी आहे. त्याची नोंद होणे तितकेच निकडीचे आहे.

वऱ्हाडापुरता विचार केला तर या साखळीतील प्रत्येक कडी गावात उभी राहू शकत नाही. शुद्ध स्फटिकांचा कारखाना भांडवल, सुरक्षा आणि वर्षभर पुरेल इतका माल मागतो. मात्र वाळवण, प्रतवारी, कोरडी साठवण, वाफेवर तेल काढणे आणि लॉटनिहाय चाचणी या गोष्टी शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या आवाक्यातल्या आहेत. दुधाला फॅटवर दर मिळतो, कापसाला उताऱ्यावर पारख मिळते. त्याच न्यायाने हळदीच्या ढिगाला कुरकुमीनच्या टक्केवारीचा आणि पानपिंपरीला पायपरीनच्या टक्केवारीचा दाखला मिळाला, तर चांगली जात लावण्याला आणि नीट वाळवण्याला मोल येते. निष्कर्षणानंतर उरलेला चोथाही हिशेबात धरावा लागतो. द्रावक पूर्ण काढून टाकल्यावर तो इंधन किंवा खतासाठी जातो. शंभर किलो हळदीतून पाचेक किलोच भुकटी निघते, उरलेल्या नव्वदहून अधिक किलोंची नीट व्यवस्था नसेल तर तो उद्योग स्वच्छ म्हणता येत नाही.

मसाल्यातील औषधी घटकांचा अभ्यास असा शेत, खळे, टाकी, प्रयोगशाळा आणि शरीर या पाच ठिकाणी करावा लागतो. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच आहे: आत किती होते, हाती किती आले आणि सोबत काय आले. या तिन्हींची उत्तरे आकड्यांत देता आली की तो अर्क विश्वासाने माणसाच्या हाती ठेवता येतो.